दाराशी उभे असलेले वाहन आणि संस्थेचे आवार



मीरा रोड किंवा भाईंदर स्थानकावर रात्री उशिराची लोकल येऊन थांबते, तेव्हा तिच्यातून उतरणारा माणूस थकलेला असला तरी त्याची वाट ठरलेली असते. दहिसर नाका ओलांडून स्वतःच्या मोटारीने परतणाऱ्याचे तसे नसते. घर समोर दिसते, खिडकीतला दिवाही दिसतो, पण गाडी उभी करण्यास जागा दिसत नाही. तो इमारतीला एक फेरी घालतो, मग दुसरी घालतो आणि अखेरीस कोणाच्या तरी फाटकासमोर किंवा वळणाच्या तोंडाशी गाडी लावून, सकाळी लवकर उठून काढू अशा मनाच्या समजुतीने वर जातो. दुसऱ्या दिवशी त्यावरून भांडण होते. गेल्या काही वर्षांत गृहनिर्माण संस्थांच्या सभांतून जे वाद रंगतात, त्यांत पाण्याच्या खालोखाल वाहनांच्या जागेचा वाद येतो, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

हा वाद मीरा-भाईंदरमध्येच इतका तीव्र का झाला, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते. मिठागरे, खाजण, भातशेती आणि उत्तनकडील कोळीवाडे असा हा मुलूख. १९८५ मध्ये ग्रामपंचायती एकत्र करून येथे नगरपरिषद स्थापन झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. १९९१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे पावणेदोन लाख होती. २००१ मध्ये ती सुमारे ५ लाख २० हजार झाली आणि २०११ मध्ये ८ लाख ९ हजारांच्या वर गेली. वीस वर्षांत साडेचार पटींहून अधिक! मुंबईत घर परवडेनासे झालेली चाकरमानी कुटुंबे येथे आली ती एका खोलीच्या आणि स्वयंपाकघराच्या सदनिकेत आली. त्यांच्यापाशी त्या वेळी मोटार नव्हती, ती पुढे कधी घेऊ असा विचारही नव्हता. त्यामुळे त्या काळच्या तीन-चार मजली इमारतींत तळमजल्यावर दुकाने किंवा सदनिका निघाल्या, आणि आवार म्हणून उरली ती भिंतीला लागून चालत जाता येईल एवढी पट्टी. पुढे मुले कमावती झाली, कर्जाची सोय झाली आणि दारात वाहन आले. इमारत मात्र होती तेवढीच राहिली. दोष द्यायचा तर तो या कुटुंबांना देता येणार नाही.

तेव्हा पहिला प्रश्न असा की, जी काही थोडी जागा आहे ती कोणाची? प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे उत्तर मिळण्यास सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, आणि ज्या इमारतीमुळे ते मिळाले ती मीरा रोडपासून एका स्थानकाच्या अंतरावर, दहिसर पूर्वेस आहे.

पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था हे त्या संस्थेचे नाव. इमारतीच्या खांबांमध्ये, ज्याला सर्वजण स्टिल्ट म्हणतात त्या मोकळ्या तळमजल्यावर, वाहने उभी करण्याच्या २५ जागा होत्या. सदनिका विकून झाल्या, सभासदांची संस्था नोंदली गेली, तरी या २५ जागा आपल्याच मालकीच्या आहेत, असे प्रवर्तक कंपनीचे, म्हणजे नहालचंद लालूचंद प्रायव्हेट लिमिटेडचे, म्हणणे होते. संस्थेने तेथे अडथळा आणू नये म्हणून कंपनीने दिवाणी न्यायालयात दावा लावला. तो २००७ मध्ये फेटाळला गेला. मुंबई उच्च न्यायालयातील अपील २००८ मध्ये फेटाळले गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३१ ऑगस्ट २०१० रोजी न्यायमूर्ती आर. एम. लोढा व न्यायमूर्ती ए. के. पटनाईक यांच्या खंडपीठाने निकाल दिला.

या निकालाचा गाभा एका शब्दाच्या अर्थात आहे. महाराष्ट्रातील १९६३ च्या मालकी हक्काच्या सदनिकांविषयीच्या अधिनियमात, ज्याला व्यवहारात ‘मोफा’ म्हणतात, सदनिका या संज्ञेत गॅरेजचा समावेश केलेला आहे. प्रवर्तकाचे म्हणणे असे की, स्टिल्टखालील जागाही गॅरेजच होय. सबब ती सदनिकेसारखी वेगळी विकता येते. न्यायालयाने विचारले ते असे की, सदनिका घेणारा साधा माणूस गॅरेज कशाला म्हणेल? ज्याला छप्पर आहे आणि तीन बाजूंनी भिंती आहेत अशा खोलीला. चार खांबांमधल्या मोकळ्या जागेला तो गॅरेज म्हणणार नाही. म्हणून ती जागा सदनिका नव्हे, तर जिना किंवा गच्ची यांप्रमाणे सर्वांच्या सामाईक सोयींचा भाग होय, आणि प्रवर्तकाला सदनिकांखेरीज दुसरे काही विकण्याचा हक्क नाही. सामाईक भागाचा खर्च प्रवर्तकाने सोसावा असा याचा अर्थ नव्हे. सदनिकेच्या क्षेत्राच्या प्रमाणात तो प्रत्येक खरेदीदाराकडून घेता येतो. जे एकदा सर्वांकडून घेतले, ते पुन्हा एकाला विकता येत नाही, इतकेच.

या निकालाची बातमी सर्वत्र पोचली, पण तिचा अर्थ सर्वत्र पोचला असे दिसत नाही. आजही जुन्या इमारतींत असे सभासद भेटतात की, ज्यांनी सदनिकेच्या किमतीव्यतिरिक्त स्टिल्टसाठी वेगळी रक्कम मोजली आणि ज्यांच्या कपाटात त्याची साध्या कागदावरची पावती जपून ठेवलेली आहे. पैसे खरे, कष्टाचे. परंतु त्या पावतीने मालकी मिळत नाही, हे त्यांना सांगणे सचिवाच्या वाट्याला येते आणि ते काम सुखाचे नसते. अशा सभासदाला समितीने उद्धटपणे वागवू नये; त्याची फसगत झाली आहे, त्याने कोणाला फसवलेले नाही.

नव्या इमारतींचा विचार करताना मात्र तारीख पाहावी लागते. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने, म्हणजे ‘रेरा’ने, उघड्यावरील वाहनतळ सामाईक क्षेत्रात घातला आहे, आणि गॅरेजची व्याख्या छप्पर व तीन बाजूंना भिंती अशी कायद्यातच लिहून टाकली आहे. महारेराने जुलै २०२१ च्या परिपत्रकाने हे पुन्हा स्पष्ट केले की, उघडी जागा विकता येणार नाही. गॅरेज आणि आच्छादित जागा यांचा व्यवहार मात्र करारनाम्यात नमूद करून करता येईल. म्हणजे पांचालीचा निकाल ज्या कायद्याखाली लागला तो कायदा आणि नव्या प्रकल्पांना लागू होणारा कायदा यांत फरक आहे. शेजारच्या संकुलात काय चालते, यावरून आपल्या संस्थेत वाद घालणाऱ्यांनी आधी आपला करारनामा उघडून त्यावरील वर्ष वाचावे.

जागा सर्वांची ठरली की तिची वाटणी कशी करायची, हा दुसरा प्रश्न. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली राज्य शासनाने गृहनिर्माण संस्थांसाठी आदर्श उपविधी तयार केले आहेत. २०१४ च्या उपविधींत ७८ व्या क्रमांकापासून वाहनांच्या जागेचाच विषय आहे. त्यांचा सारांश असा की, समितीने जागा आखून घ्याव्यात. ज्या सभासदाकडे मोटार आहे, मग ती स्वतःची असो वा नोकरीत मिळालेली असो, तो जागा मागण्यास पात्र. साधारणपणे एका सभासदास एकच जागा. जागा उरल्या तरच त्याच सभासदास दुसरी किंवा तिसरी द्यावी, तीही एकेका वर्षापुरती आणि ज्याला एकही मिळालेली नाही अशाची मागणी नसेल तर. मागणारे अधिक आणि जागा कमी असे झाले तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकाव्यात. आकार किती घ्यायचा ते सर्वसाधारण सभा ठरवते, आणि ज्याला जागा मिळाली त्याने गाडी लावली काय किंवा न लावली काय, आकार द्यावा लागतो. मिळालेली जागा सभासदाला विकता येत नाही किंवा परस्पर दुसऱ्याला देता येत नाही.

चिठ्ठ्यांची ही तरतूद वाचताना नाटकी वाटते. प्रत्यक्षात तिच्याइतके न्याय्य दुसरे साधन सापडलेले नाही. जुना सभासद म्हणतो, ‘वीस वर्षे माझी गाडी येथेच उभी आहे.’ नवा म्हणतो, ‘देखभाल खर्च आम्हीही तितकाच भरतो.’ दोघांचेही खरे असते. वीस वर्षे वापरल्याने सामाईक जागेवर मालकी येत नाही, आणि काल आलेल्याचा हक्क परवाच्यापेक्षा मोठा होत नाही. वर्षाला एकदा सर्वांसमोर चिठ्ठ्या निघाल्या की निदान समितीवर पक्षपाताचा आरोप करण्यास वाव राहत नाही. मात्र आदर्श उपविधी म्हणजे नमुना होय. संस्थेने ते स्वीकारून निबंधकाकडे नोंदवलेले असले पाहिजेत. अनेक संस्थांच्या कपाटात अजून जुनीच पुस्तिका असते आणि वाद नव्या पुस्तिकेवरून चालतो!

याच उपविधींतील एका छोट्या कलमाकडे मीरा-भाईंदरने विशेष लक्ष द्यावे असे वाटते. मोटारीखेरीज इतर वाहनांचा, म्हणजे स्कूटर, मोटारसायकल आणि ऑटोरिक्षा यांचा उल्लेख ८५ व्या उपविधीत आहे. ही वाहने आवारात लावण्यासाठी समितीची पूर्वपरवानगी घ्यावी आणि सभेने ठरवलेला आकार द्यावा, असे तो उपविधी सांगतो. रिक्षाचे नाव त्यात स्पष्टपणे लिहिलेले आहे. तरीही असे सांगणारे पदाधिकारी आढळतात की, ‘आमच्या सोसायटीत रिक्षा लावू देत नाहीत.’ कारण विचारले तर शोभा जाते म्हणतात. रिक्षाची लांबी सव्वादोन-अडीच मीटरांच्या थोडी पुढे जाते आणि रुंदी सुमारे १.३ मीटर असते. राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत मोटारीची एक जागा अडीच मीटर रुंद व ५ मीटर लांब धरली आहे. त्या चौकटीत रिक्षा उभी करून तिच्या शेजारी मोटारसायकलही राहते. आठवड्यातून एकदा रविवारी बाहेर निघणारी मोटार ज्या आवारात दिमाखाने उभी राहते, तेथे रोज पहाटे निघून घर चालवणाऱ्या तीन चाकांना रस्त्यावर रात्र काढावी लागावी, आणि तेथे कोणी तिची कापडी गादी फाडावी, ती चोरीस जावी, हे कोणत्या शोभेत बसते? रिक्षाचालकही सभासद असतो, त्याच्याही नावे भाग प्रमाणपत्र असते. जागा नसेल तर ती कोणालाच नसते. असेल तर चिठ्ठीत त्याचेही नाव पडले पाहिजे.

मोठ्या वाहनांची गोष्ट वेगळी, आणि तेथे समितीने कणखर राहणे आवश्यक आहे. शाळेच्या बसगाड्या, मालाचे टेम्पो, आणि ज्यांना सर्वजण ट्रॅव्हलर म्हणतात त्या बारा-सतरा आसनी गाड्या आता निवासी गल्ल्यांतून सर्रास दिसतात. अष्टविनायक, शिर्डी, पंढरपूर, गणपतीत कोकण, आणि जवळचे म्हणजे उत्तन किंवा गोराईचा किनारा, अशा सहलींसाठी त्या लागतात, आणि अनेकांची उपजीविका त्यांवर आहे. यात अलीकडे एका नव्या वाहनाची भर पडत आहे. निजण्याची, स्वयंपाकाची आणि स्वच्छतागृहाची सोय असलेली गाडी, म्हणजे कॅराव्हॅन. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. त्यात अशी वाहने मुक्कामाला थांबतील अशा वाहनतळांचा विचार आहे. २००४ च्या केंद्रीय अधिसूचनेनेही खाजगी वापराच्या कॅम्पर व्हॅनला बिगर-परिवहन वाहनांत स्थान दिलेले आहे. म्हणजे घरगुती मोटारीप्रमाणे ती एखाद्या कुटुंबाच्या नावे नोंदता येते. पर्यटनस्थळी ती कोठे थांबेल याचा विचार धोरणाने केला. सहल संपल्यावर उरलेले अकरा महिने ती कोठे उभी राहील, याचा विचार मालकाने करावयाचा आहे.

आणि तो गाडी घेण्यापूर्वी करावयाचा आहे, कारण येथे मापे बोलतात. मोठ्या ट्रॅव्हलरची लांबी सहा-सात मीटर भरते; ५ मीटरच्या चौकटीत ती मावत नाही. उंची अडीच मीटरच्या पुढे जाते, तर स्टिल्टमध्ये तुळईखाली मोकळी उंची बहुधा २.४ मीटरच्या आसपास असते. म्हणजे वातानुकूलन यंत्र टपावर बसवलेली कॅराव्हॅन इमारतीखाली शिरतच नाही. ती उघड्या आवारात उभी राहते आणि वळणावरच्या दोन मोटारींची जागा अडवते. याहून गंभीर बाब तिच्या पोटात असते. स्वयंपाकाची सोय म्हणजे बहुधा गॅसची टाकी. माणसे ज्याच्यावर झोपलेली आहेत अशा इमारतीच्या पायथ्याशी गॅस भरलेले वाहन महिनोन् महिने उभे ठेवणे, आणि तळहाताएवढ्या आवारात पाहुण्यांना त्यात मुक्कामाला घालणे, हे कोणत्याही समितीने मान्य करू नये.

अमेरिकेत अशा गाड्या पूर्वीपासून आहेत आणि तेथील अनेक नगरांनी त्यांविषयी स्थानिक नियम केले आहेत. घराच्या दर्शनी रेषेपुढे गाडी उभी करू नये, सामान भरण्यापुरतीच थोडा वेळ रस्त्यावर ठेवावी, तीत वास्तव्य करू नये, असे त्यांचे स्वरूप असते. तेथे प्रत्येक घराला स्वतःचे अंगण असते आणि तरीही नियमांची गरज भासली. मीरा-भाईंदरमध्ये पन्नास कुटुंबांचे मिळून एक अंगण. येथे स्वतंत्र कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. अमुक लांबीपेक्षा आणि अमुक उंचीपेक्षा मोठे वाहन आवारात मुक्कामाला राहणार नाही, सामान चढवण्या-उतरवण्यास इतका वेळ मिळेल, वाहनात गॅसची टाकी, पेट्रोलचा साठा किंवा जनित्र चालू ठेवता येणार नाही, असा ठराव सर्वसाधारण सभा करू शकते. ठराव मापावर असावा, माणसावर किंवा व्यवसायावर नसावा. टेम्पो नको आणि तितक्याच लांबीची चकचकीत आलिशान गाडी चालेल, असा ठराव टिकणार नाही व टिकूही नये.

आवारात वाहनांची दाटी झाली की पहिला बळी जातो तो अग्निशमन बंबाच्या वाटेचा. इमारतीभोवतीचे सामासिक अंतर हे मोकळे ठेवण्यासाठी असते. उंच इमारतींना बंब फिरण्यासाठी ६ मीटरची वाट ठेवावी लागते. नकाशावर ती असते, भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळीही असते. पाच वर्षांनी त्याच वाटेवर पिवळे पट्टे आखून क्रमांक टाकलेले दिसतात, आणि ते क्रमांक समितीनेच टाकलेले असतात! मंजूर नकाशात जी जागा वाहनतळ म्हणून दाखवलेली नाही, ती वाटून देण्याचा अधिकार सभेलाही नाही. रात्री दोन वाजता तिसऱ्या मजल्यावर वातानुकूलन यंत्राने पेट घेतला तर दुहेरी लावलेल्या गाड्यांच्या किल्ल्या शोधत फिरणाऱ्या चौकीदाराचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. रुग्णवाहिकेचेही तेच. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ याने इमारतीतील आगीच्या उपाययोजना सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालक व भोगवटादार यांच्यावर टाकली आहे. सोसायटीच्या बाबतीत ती संस्थेवर येते. वार्षिक तपासणीत नळ आणि होज पाहिले जातात. त्यांच्याबरोबर वाटही पाहावी.

सखल भागांतील संस्थांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. खाजणावर वसलेल्या या शहरात जोराचा पाऊस आणि भरती एकत्र आली की स्टिल्टमध्ये पाणी शिरते. विजेचे मीटर, पाण्याचा पंप आणि त्यांना खेटून लावलेल्या दुचाकी असा संसार अनेक तळमजल्यांवर आहे. मीटरच्या खोलीपासून वाहने दूर आखावीत.

आवाराबाहेरचा रस्ता हा वेगळा प्रांत. तेथे संस्थेची सत्ता चालत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११७ नुसार वाहने कोठे थांबावीत ते राज्य शासन किंवा त्याने अधिकार दिलेले प्राधिकरण स्थानिक संस्थेच्या विचाराने ठरवते. धोकादायक किंवा अडथळा होईल अशा रीतीने वाहन उभे करण्यास कलम १२२ ने मनाई आहे. आणि सार्वजनिक ठिकाणी दहा तास किंवा त्याहून अधिक काळ बेवारस सोडलेले अथवा मनाई असलेल्या जागी लावलेले वाहन हलवण्याचा अधिकार कलम १२७ ने दिलेला आहे. २०१७ च्या वाहन चालविण्याविषयीच्या विनियमांत पदपथ, चौकाजवळचे अंतर, शाळा व रुग्णालयाचे प्रवेशद्वार, अग्निशमनाचा नळ आणि कोणत्याही मालमत्तेचे फाटक येथे वाहन लावू नये असे स्पष्ट आहे. म्हणून आपल्या फाटकासमोर कोणी गाडी लावली तर वाहतूक पोलिसांकडे तक्रार करण्याचा संस्थेला पूर्ण हक्क आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर व वसई-विरार यांसाठी स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झाल्याने त्यासाठी ठाण्याकडे पाहण्याचेही कारण उरले नाही.

पण याची दुसरी बाजूही आहे. ‘फक्त सभासदांसाठी’ अशा पाट्या, कुंड्या, सिमेंटचे ठोकळे, साखळ्या आणि मोडकी खुर्ची ठेवून सार्वजनिक रस्ता राखून ठेवणाऱ्या संस्था आणि दुकाने प्रत्येक गल्लीत आहेत. ती जागा त्यांची नाही. रस्त्यावरील असा अडथळा हेही अतिक्रमणच होय व ते उचलण्याचा अधिकार महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ ने आयुक्तांना दिलेला आहे. स्वतःच्या फाटकासाठी कायद्याचा आधार घेणाऱ्याने समोरच्या खुर्चीचाही विचार करावा.

या साऱ्यावर मुळातच उपाय म्हणून जपानचे उदाहरण दिले जाते. तेथे १९६२ च्या कायद्याने मोटार घेणाऱ्याला घरापासून २ किलोमीटरच्या आत ती ठेवण्याची जागा आहे असे दाखवावे लागते. पोलीस ठाण्याचे तसे प्रमाणपत्र असल्याशिवाय साधारणपणे मोटारीची नोंदणी होत नाही. महाराष्ट्रातही जागेच्या पुराव्याशिवाय नव्या मोटारीची नोंदणी करू नये, असा विचार २०२५ मध्ये परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी जाहीरपणे मांडला. योगायोग असा की, ते ज्या ओवळा-माजिवडा मतदारसंघाचे प्रतिनिधित्व करतात, त्यात मीरा-भाईंदरचाही काही भाग येतो. कल्पना रास्त आहे. रस्ता हे कोणाचे फुकटचे गॅरेज नव्हे. तथापि तिची अंमलबजावणी कशी होईल याचा विचार या शहरासारख्या ठिकाणाहून केला पाहिजे. प्रमाणपत्र देणार कोण? बहुतेक ठिकाणी संस्थेचा सचिव. ज्या सचिवाची एक सही सभासदाची गाडी घेऊ देईल किंवा अडवील, त्याच्या हाती केवढी सत्ता जाईल! जेथे जागांची वाटणी लेखी नाही, नकाशा नाही, चिठ्ठ्या निघत नाहीत, तेथे ती सही विकली जाण्याचा धोका आहे. चाळीस जागांची साठ प्रमाणपत्रे निघण्यासही वेळ लागणार नाही. आणि जुन्या, जागा नसलेल्या इमारतीतील रिक्षाचालकाला किंवा टेम्पोवाल्याला जर तोच नियम लावला, तर चैनीच्या वाहनाला मिळणारी सवड पोटाच्या वाहनाला मिळणार नाही. जपानमध्ये भाड्याचे वाहनतळ गल्लोगल्ली आहेत, हे विसरून चालणार नाही. येथेही रात्रीसाठी भाड्याने देता येतील असे वाहनतळ आधी, आणि प्रमाणपत्र नंतर, असा क्रम असावा.

तोवर संस्थांच्या हाती बरेच आहे. जुन्या इमारतींचा पुनर्विकास आता सुरू झाला आहे आणि नव्या नियमावलीप्रमाणे वाहनांच्या जागा पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक ठेवाव्या लागतात. त्यांपैकी काही जागा यंत्राने वर-खाली होणाऱ्या असतात. त्या यंत्राची देखभाल कोण करणार, वीज गेल्यावर गाडी कशी उतरणार आणि जड वाहन त्यावर चालेल काय, हे विकासकाशी करार करतानाच लिहून घ्यावे. ताबा मिळाल्यावर विचारून उपयोग नसतो. रिक्षा आणि दुचाकी जमिनीवरच राहतील अशी सोय नकाशातच मागावी.

ज्यांचा पुनर्विकास दूर आहे, त्यांनी वार्षिक सर्वसाधारण सभेच्या १४ दिवसांच्या सूचनेत वाहनतळ हा स्वतंत्र विषय घालावा. ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ यांत तो ढकलू नये. सभेपूर्वी दोन सभासदांनी टेप घेऊन आवार मोजावे. मंजूर नकाशाची प्रत संस्थेत नसेल तर ती महानगरपालिकेच्या नगररचना विभागाकडून मिळवावी. बंबाची वाट खडूने आखून मग उरलेल्या जागेचे भाग पाडावेत. मोटारीची एक चौकट रद्द केली तर तेथे पाच दुचाकी राहतात, हा हिशेबही सभेपुढे मांडावा. लहान सदनिकांच्या इमारतीत तो कित्येकदा मोटारवाल्यांनाही पटतो. भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाच्या वाहनाचे काय, पाहुण्यांचे काय, हे त्याच ठरावात लिहावे. ठरलेला तक्ता सदनिका क्रमांक आणि वाहन क्रमांकासह सूचना फलकावर लावावा. त्यानंतरही एखाद्याची तक्रार राहिली तर तिने चौकीदाराशी हुज्जतीचे किंवा टायरची हवा सोडण्याचे रूप घेऊ नये. समितीकडे लेखी अर्ज, तेथे दाद न लागल्यास सर्वसाधारण सभा, आणि त्यापुढे विषयाच्या स्वरूपानुसार उपनिबंधक किंवा अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालय, अशी वाट उपलब्ध आहे. अर्जाची पोच मात्र प्रत्येक पायरीवर घेऊन ठेवावी.